चित्र कोणाचे आणि चेहरा कोणाचा

पैसे देऊन काढवून घेतलेले छायाचित्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न वकिलांनी वकिलांसाठीच निर्माण केलेला आहे अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. गिऱ्हाइकाने पैसे दिले, छायाचित्रकाराने चित्र दिले, व्यवहार संपला; शिंप्याने सदरा शिवून दिल्यावर त्या सदऱ्याविषयी कोणी तात्त्विक चर्चा करीत बसत नाही. परंतु गेल्या लग्नसराईत एका दुकानात आम्हांला जे पाहावे लागले त्याने ही समजूत ढासळली, आणि तेव्हापासून हा प्रश्न वकिलांकडे सोपवून मोकळे होणे आम्हांला जमलेले नाही. या मासिकाचे वाचक बहुतेक आमच्यासारखेच, परमुलुखात सरकारी निवासस्थानांतून संसार करणारे. त्यांच्या घरची मंगलकार्ये गावच्या वाड्यात न होता वसाहतीच्या सभागृहात होतात, आणि निम्मे नातलग ती केवळ छायाचित्रांतून पाहतात. तेव्हा हा विषय त्यांना अगदीच परका वाटू नये.

आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न येथे दिल्लीतच झाले. छायाचित्रांचे काम करोलबागेतील एका वयस्क पंजाबी गृहस्थांना दिले होते. कामात चोख, बोलण्यात मितभाषी, आणि हल्लीच्या काळातही चित्र कागदावर उतरवून हातात धरल्याखेरीज ते कळत नाही असे मानणारे. राहिलेली रक्कम चुकती करण्यासाठी एका सोमवारी सायंकाळी आम्ही त्यांच्या दुकानी गेलो, तेव्हा तेथे पाचसहा मंडळी जमली होती. सारी त्याच व्यवसायातील. सोमवारी लग्नाचे मुहूर्त नसले की ही मंडळी एकत्र येतात, प्रत्येकाने आठवडाभरात केलेले काम फळीवर मांडतात आणि चहा पीत त्याची चिरफाड करतात, असे मागाहून कळले. कोणी एका कारखान्याच्या अहवालासाठी काढलेली यंत्रांची चित्रे आणली होती, कोणी उपाहारगृहाच्या थाळ्यांची, कोणी बारशाची. त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे होते. भिंतीवर पडलेला प्रकाश कोठून घेतला, वरमाईच्या शालूचा रंग फटका का झाला, वऱ्हाडी मंडळी पापणी मिटणार नाहीत असा क्षण कसा ओळखावा. त्यात मत्सराचा लवलेश नव्हता आणि खोटी स्तुतीही नव्हती. आमच्या कचेरीत अशी एक बैठक असती तर कित्येक टिपण्या वाचनीय झाल्या असत्या, असा विचार मनात येऊन गेला.

तेवढ्यात फळीवर आमच्या वडिलांचे चित्र आले.

मांडवाच्या मागच्या बाजूस पाण्याचा नळ होता. त्या नळावर एक हात टेकून अण्णा उभे आहेत, फेटा काखेत धरलेला आहे, आणि ते रडत आहेत. डोळ्यांच्या कडा ओलावल्या आहेत एवढेच नव्हे. तोंड उघडे पडून माणूस रडतो तसे. वर एक उघडा दिवा लोंबतो आहे आणि त्याचा सगळा उजेड त्यांच्या टकलावर व ओल्या गालावर पडला आहे. डाव्या अंगाला आचाऱ्याची दोन पोरे पातेली घासत बसली आहेत आणि त्यांचे अण्णांकडे लक्षही नाही. जेवणाच्या वेळी वरपक्षाकडील एका वडीलधाऱ्या गृहस्थाने मानपानावरून काहीतरी बोलून घेतले होते, हे आमच्या कानावर आले होते. परंतु अण्णा त्या संध्याकाळी शेवटपर्यंत हसतमुख होते, त्यांनी ते हसण्यावारी नेले असेच आम्ही सर्वजण धरून चाललो होतो. ते नळापाशी गेले होते हे आम्हांला ठाऊक नव्हते. आईलाही ठाऊक नसावे.

मंडळींनी त्या चित्रावर दहा मिनिटे चर्चा केली. एकाचे म्हणणे, डावा भाग छाटून टाकावा, म्हणजे नजर म्हाताऱ्यावर ठरेल. दुसरा म्हणाला, छे, ती भांडी घासणारी पोरे आहेत म्हणूनच हे चित्र आहे. ती काढलीत तर नुसता एक रडणारा म्हातारा उरेल. आम्ही हातात नोटा धरून मागे उभे होतो. दुसऱ्याचे म्हणणे बरोबर आहे हे आम्हांला तत्काळ पटले, आणि पटले याची लाज वाटली.

दुकानदारांच्या लक्षात येताच त्यांनी चित्र उचलून मुकाट्याने आमच्या हाती दिले. हे लग्नाच्या आल्बमात घालण्याजोगे नव्हते म्हणून घातले नाही, असे ते म्हणाले. मूळ प्रत पुसून टाकू का, असेही त्यांनी विचारले. विचार करून सांगतो, असे उत्तर देऊन आम्ही बाहेर पडलो. तो विचार अजून चालूच आहे.

प्रथम राग आला होता हे कबूल केले पाहिजे, आणि रागावलेला कारकून नियम शोधतो. नियम आमच्या बाजूचा निघाला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या सतराव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले गेले असेल, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक सांगणारा होय, काढणारा नव्हे. काढणाऱ्याकडे सत्तावन्नाव्या कलमाखाली काही विशेष अधिकार राहतात. चित्र आपले म्हणून सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा. एवढे वाचून आम्हांला विजयी झाल्यासारखे वाटले. बिलाच्या मागे बारीक अक्षरांत उलट करार छापलेला आहे काय, तेही पाहिले. कित्येक छायाचित्रकार आताशा तसा छापतात. येथे तो नव्हता. थोडक्यात, अण्णांच्या रडण्याचे मालक आम्ही होतो. हे वाक्य मनात तयार झाले तेव्हा मात्र विजयाची भावना ओसरली. काम सांगितले आम्ही, पैसे दिले आम्ही. ज्यांचा चेहरा त्यांचा त्या कलमात कोठे उल्लेखच नाही. कायद्याने वाद सोडवला तो गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातला, आणि नळापाशी उभे असलेले अण्णा या दोहोंपैकी कोणीच नव्हते.

कायद्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. या बाबतीत विलायतेतील न्यायालयाने फार पूर्वी एक सुज्ञपणाचा निर्णय दिला होता. पोलार्ड नावाच्या एका बाईंनी पैसे देऊन आपले छायाचित्र काढवून घेतले, आणि पुढे तेच चित्र नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून छायाचित्रकाराने दुकानात मांडलेले आढळले. १८८८ साली न्यायमूर्ती नॉर्थ यांनी त्यास मनाई केली. निगेटिव्ह छायाचित्रकारापाशी राहते ती गिऱ्हाइकाला प्रती पुरवता याव्यात म्हणून. तिचा अन्य उपयोग करणे हा न लिहिलेल्या कराराचा आणि टाकलेल्या विश्वासाचा भंग आहे, असा त्या निकालाचा आशय. पण तेथे पैसे देणारी आणि चेहरा असणारी व्यक्ती एकच होती, म्हणून न्याय सोपा झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. परंतु तो हक्क घेऊन मुलाच्या पैशाने काढलेल्या चित्राविरुद्ध बाप कोणत्या दारी जाईल? आणि बापाला हे सांगणार कोण?

आता दुसरी बाजू. राग शमल्यावर आम्हांला त्या सोमवारच्या बैठकीची आठवण वारंवार येऊ लागली, आणि तिच्यात वाईट ते काय होते हे नेमके सांगता येईना. कारागिराने आपले काम समव्यवसायी मंडळींपुढे ठेवावे ही चाल नवी नाही. मुंबईत छायाचित्रण नुकते रुजू लागले होते तेव्हा, १८५४ सालीच, तेथे या कलेची एक सभा स्थापन झाली. सभासद आपापली चित्रे आणून एकमेकांस दाखवीत, रसायनांचे प्रमाण आणि उन्हाचे गणित यांवर वाद घालीत. बहुतेक साहेब मंडळी, पण त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, हे मराठी माणसाने विसरू नये. त्या सभेत दाखवल्या गेलेल्या चेहऱ्यांची संमती कोणी विचारली असेल असे वाटत नाही. पण त्या बैठका झाल्या नसत्या तर ती विद्या चारदोन हौशी गोऱ्या अंमलदारांपुरतीच राहिली असती. न दाखवता कोणती विद्या वाढते? सोनार पाटल्या घडवून झाल्या की गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यापूर्वी शेजारच्या सोनाराला त्या हातात धरून पाहू देतो, आणि त्याबद्दल कोणी त्याला विश्वासघातकी म्हणत नाही. डॉक्टर मंडळी रोग्याचे नाव झाकून रोगाची चर्चा करतात. शिंपी अंगरखा दाखवतो, त्यातला माणूस दाखवत नाही. छायाचित्रकाराची अडचण अशी की त्याला अंगरखा माणसापासून वेगळा काढता येत नाही. त्याचे कसब आणि दुसऱ्याचा चेहरा एकाच कागदावर एकाच क्षणी उमटतात. नाव झाकता येते, पण चेहरा झाकला तर दाखवायला उरते काय?

जुन्या धंदेवाईक छायाचित्रकारांना हे कळत नव्हते असे नाही. लाला दीनदयाळ हे मूळचे आमच्यासारखेच सरकारी नोकर. इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे काढीत. (सरकारी नोकरी सोडून कलेकडे वळलेल्यांची नावे आम्ही नेहमी थोड्या असूयेने घेतो.) पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले आणि १८९२ साली त्यांनी तेथे पडद्यातील स्त्रियांसाठी एक स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला. केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे त्याची व्यवस्था होती. दीनदयाळांना एक गोष्ट नीट उमजली होती. गिऱ्हाईक नुसते चित्र विकत घेत नाही, ते चित्र कोण पाहणार आणि कोण पाहणार नाही याची हमीही विकत घेते. हमी मिळाली तेव्हाच त्या स्त्रिया भिंगासमोर बसल्या.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आमच्या मालकाचे, म्हणजे सरकारचे आहे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातील नाना जातीजमातींची छायाचित्रे सरकारी आश्रयाने गोळा झाली आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत प्रसिद्ध झाली. साडेचारशेहून अधिक चित्रे, प्रत्येकाखाली जातीचे नाव आणि बहुधा तिच्या स्वभावाविषयी एखादा शेरा. काम सांगणारे सरकार, काढणारे अंमलदार व धंदेवाईक, पाहणारेही सरकार. ज्यांचे चेहरे त्यांत आहेत त्यांनी ते खंड कधी पाहिलेही नसतील.

अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग या बाईंनी सरकारी नोकरीत असताना कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे चित्र काढले. दोन मुले तिच्या खांद्यांत तोंड लपवून उभी आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे, आणि ती कोठेतरी दूर पाहते आहे. ते चित्र जगभर गेले, आणि सरकारी कामात काढलेले असल्याने कोणाच्याच मालकीचे राहिले नाही. त्या बाईचे नाव लँगबाईंनी लिहून घेतले नव्हते. बेचाळीस वर्षांनी, १९७८ साली, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना कळले, ते तिनेच तक्रार केली म्हणून. आपल्या दारिद्र्याचे चित्र साऱ्या जगाने पाहिले आणि त्यातून आपल्याला एक पैही मिळाली नाही, हा तिचा सल होता. गंमत अशी की १९८३ साली ती अंथरुणाला खिळली असता मुलांनी मदतीचे आवाहन केले, तेव्हा लोकांनी पस्तीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम पाठवली, आणि पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना ती ठाऊक होती केवळ त्या चित्रामुळे. या हिशेबाची बेरीज कशी मांडावी?

परंतु आमच्या मनात घर करून राहिली ती जपानमधील मिनामाता येथील हकीकत. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने तेथे पिढ्यांचे शरीर उद्ध्वस्त केले. युजीन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी आयलीन यांनी तेथे राहून चित्रे काढली. त्यांत १९७१ च्या डिसेंबरातले एक आहे: आई आपल्या जन्मतः पंगू झालेल्या मुलीला, तोमोकोला, न्हाणीघरात दोन्ही हातांवर धरून आंघोळ घालते आहे. आईबापांनी स्वतः संमती दिली होती. लोकांना कळावे म्हणून दिली होती, आणि लोकांना कळले. १९७७ साली मुलगी वारली. त्यानंतरही चित्र छापले जातच होते. अखेर १९९८ साली आयलीन यांनी त्या चित्राविषयीचा निर्णय आईबापांच्या हाती परत दिला, आणि मुलीला आता विश्रांती मिळावी या त्यांच्या इच्छेप्रमाणे ते नव्याने प्रसिद्ध करणे थांबवले. संमती होती, हेतू निर्मळ होता, चित्राने न्यायाच्या कामी मदत केली होती. एवढे असूनही एक दिवस आईबापांना वाटले की पुरे. संमती ही एकदा दिली की कायमची असते, अशी आमची सरकारी अर्जांमुळे झालेली समजूत आहे. तिची मुदत संपू शकते हे आम्हांला सुचले नव्हते.

हे सारे लिहिताना एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अनुकंपा नियुक्तीचे एक प्रकरण आले होते. मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीचा अर्ज होता. घरात किती माणसे, सासऱ्याचे आजारपण, धाकट्या मुलाचे मंदत्व, दिराने घराबाहेर काढल्याची हकीकत, सारे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्यावर आम्ही जी टिपणी लिहिली ती उत्तम उतरली. भावना आणि नियम यांची इतकी चांगली सांगड आम्हांला पुन्हा कधी साधली नाही. प्रकरण मंजूर झाले. पुढे नव्याने आलेल्या कारकुनांना टिपणी कशी असावी हे दाखवण्यासाठी तीच टिपणी नमुना म्हणून फिरवण्यात आली, आणि ती फिरवणाऱ्यांत आम्ही आघाडीवर होतो. तिच्यातले नाव खोडावे हे आम्हांला सुचले नाही. चहाच्या वेळी लोक म्हणत, काय मुद्देसूद लिहिले आहे! दिराचा उल्लेख कोणत्या परिच्छेदात घ्यावा, मुलाच्या मंदत्वाचा दाखला आधी द्यावा की नंतर, याची चर्चा होई. त्या बाई आता आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली बसतात. जिन्यात भेटल्या की नमस्कार करतात. त्या बैठकीतील छायाचित्रकारांनी अण्णांचे नाव विचारले नव्हते, आणि आम्ही तर नावासकट वाटले होते.

तेव्हा त्या पंजाबी गृहस्थांकडे जाऊन चार शब्द सुनावण्याचा बेत आम्ही सोडून दिला. चित्र पाकिटात घालून कपाटात, प्रवाससवलतीच्या कागदांखाली ठेवले. फाडून टाकावे असे दोनदा मनात आले. पण ते चांगले चित्र होते, आणि वडिलांविषयी आम्हांला जे ठाऊक नव्हते ते त्या एका कागदावर होते.

थंडी सरल्यावर अण्णा साताऱ्याहून आमच्याकडे महिनाभर राहायला आले. एके संध्याकाळी आल्बम चाळता चाळता त्यांनी विचारले, “त्या माणसाने सगळे फोटो दिले का रे?”

“दिले की.”

“नळापाशी काढला होता तो?”

त्यांना ठाऊक होते. दिव्याखाली उभे असताना समोर कोणीतरी आहे हे त्यांनी पाहिले होते, आणि तरीही तोंड फिरवले नव्हते. किंवा फिरवता आले नव्हते, ते आम्ही विचारले नाही. पाकीट काढून त्यांच्या हाती दिले. चष्मा पुसून त्यांनी ते दिव्याजवळ नेले आणि बराच वेळ पाहिले. मग किती जणांनी पाहिला म्हणून विचारले. आम्ही दुकानातली सारी हकीकत सांगितली. पोरांना छाटण्याविषयी झालेला वाददेखील. तो ऐकून ते किंचित हसले.

“ते परके लोक. त्यांचं काही नाही,” ते म्हणाले. “पण तू पाहायला नको होतास.” थोडे थांबून म्हणाले, “शालूला दाखवू नकोस. आणि त्याला सांग, पुसू नको म्हणावं.”

आमचा सारा युक्तिवाद परक्यांपासून घरच्यांना जपण्याच्या दिशेने चालला होता. अण्णांना जपायचे होते ते घरच्यांपासून. परक्यांच्या नजरेचा त्यांना उपसर्ग नव्हता, किंबहुना कोणीतरी नीट पाहिले याचे थोडे समाधानच असावे असा आम्हांला संशय आला. खात्री नाही. त्यांनी पाकीट आपल्या पिशवीत ठेवले, ते आमच्याकडे परत आले नाही.

पुढच्या सोमवारी कचेरी सुटल्यावर आम्ही करोलबागेत गेलो. मंडळी जमलेली होती, फळीवर कोणाच्या तरी मुंजीची चित्रे मांडलेली होती. चित्र पुसू नये असे वडिलांनी सांगितले आहे, असा निरोप आम्ही दिला. त्या गृहस्थांनी मान डोलावली, क्षणभर विचार केला, आणि मग ते कोणाला दाखवण्यास हरकत नाही ना, असे विचारले. अण्णांना तेवढे विचारायचे राहून गेले होते.